खुर्चीत बसून तपासलेलं अ‍ॅप

मुलांनो, डोळ्यांसमोर आणा: एक बाबा वर्तमानपत्रात कॉम्प्युटरविषयी लिहितात. दवाखान्याच्या नव्या अ‍ॅपवर त्यांनी घरच्या खुर्चीतून नंबर लावला आणि 'आता कुणालाच ताटकळावं लागणार नाही' असा लेख लिहून टाकला. तो संध्याकाळी छापायला जाणार होता.

दुपारी ते लेकीचा खोकला दाखवायला गेले, तर शेजारच्या आजी सकाळपासून बाकावर बसलेल्या.

"आजी, अ‍ॅपवर नंबर नाही लावलात?"

"अरे, माझा फोन बटणांचा! त्यातून फक्त सुनेची बोलणी येतात."

बाबांचा चेहरा पडला. "लेख पुन्हा लिहावा लागणार," ते पुटपुटले.

"ते नंतर कर, बाबा," लेक म्हणाली. तेवढ्यात तिचाच नंबर पुकारला. तिने आजींचा हात धरून त्यांना आत पाठवलं आणि स्वतः त्यांच्या जागी बसली.