वायरीत अडकलेला आत्मा

मंद्रूपला गुरम्माच्या ओसरीवर त्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध पाटावर हळदकुंकू वाहिलेला एक प्लास्टिकचा डबा, त्यातून निघालेली वायर आणि शेजारी स्पीकर. स्पीकरमधून नुसती खरखर येत होती. मग त्या खरखरीच्या तळाशी एक पुरुषी आवाज पुटपुटला. बायकांनी हात जोडले.

"गुरुबसप्पाच हाय," शिवप्पा महाराज डोळे मिटून म्हणाले. "आत्मा वायरीत अडकलाय. म्हणतोय, गुरम्मा, उपास सोडू नगं."

गुरुबसप्पा म्हणजे गुरम्माचा नवरा. जन्मभर किराणा दुकान चालवलं आणि मागच्या उन्हाळ्यात गेला. डबा होता पुतण्याचा, नंदीशचा. नंदीश लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. गिटारचा सूर फाटका, भरदार करणारं ओव्हरड्राइव्ह पेडल त्यानं घरीच जोडलं होतं. पण गिटारपेक्षा ते पेडलच जास्त बोलायचं. सगळे सांधे पुन्हा सोल्डर केले, फरक नाही. ॲडॉप्टर काढून बॅटरी लावली, तर घूंघूं थांबली आणि पुटपुट उरली. वैतागून तो डबा चालूच ठेवून बाहेर पडला. केर काढताना गुरम्मानं तो आवाज ऐकला, तिला तो नवऱ्याचाच वाटला, आणि केरसुणी टाकून ती तिथंच बसली.

दुसऱ्या दिवशी महाराज हजर. औषध अंगात असलं की आत्मा जवळ येत नाही, असं त्यांनी सांगितलं. गुरम्माच्या साखरेच्या आजारावरच्या गोळ्या बंद झाल्या, उपास आणि प्रसादाचा गूळ सुरू झाला. आठवड्यात ती इतकी थकली की भिंत धरून चालू लागली. डॉक्टरकडं चल म्हणून नंदीशनं हातापाया पडून पाहिलं. तुझा विश्वास नाही म्हणून तुला ते ऐकू येत नाहीत, एवढंच ती म्हणायची. पेडल ऐकेना, काकूही ऐकेना. कशावर आधी डोकं आपटावं, हे त्याला कळत नव्हतं.

पण तो शोधत राहिला. गिटारची वायर खिडकीकडं वळवली की आवाज वाढायचा, गुंडाळली की बसायचा. एका दुपारी वायर खिडकीच्या गजाला टेकली आणि स्पीकरमधून स्वच्छ शब्द आला, "श्रोतेहो". नंदीशनं कपाळावर हात मारला. मेलेला माणूस बायकोला श्रोतेहो म्हणत नाही.

म्हणून त्या संध्याकाळी तो शेजारच्या रत्नम्माचा जुना रेडिओ घेऊन ओसरीवर आला. पेडलला लावलेली गिटारची वायर खिडकीच्या गजावर टाकली आणि रेडिओचा काटा हळूहळू फिरवला. दोन्हीकडून एकच आवाज, एकाच दमात बोलू लागला: डाळिंबावरच्या तेल्या रोगासाठी रोगट फांद्या छाटाव्यात.

 बायकांतली सोनाबाई म्हणाली, "गुरुबसप्पाला डाळिंबातलं कदी कळाय लागलं?"

"आत्मा रेडिओतबी शिरलाय," महाराज म्हणाले.

नंदीशनं पेडल बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलं. सर्किटची ग्राउंडची तार डब्याला जोडली, साधी वायर काढून जाळीचं वेष्टण असलेली लावली आणि झाकण घातलं. पुटपुट बंद. गिटारची तार छेडली; सूर भरदार निघाला.

"लोखंडात कोंडलंस त्याला!" महाराज ओरडले.

"मग रेडिओत कोण बोलतंय?" नंदीशनं विचारलं. रेडिओ अजून फवारणीबद्दलच सांगत होता. "महाराज, रेडिओच्या लहरी सगळीकडं असतात. उघडी वायर एरियलसारखी त्या पकडते, पेडल त्या वाढवतं. पत्रा त्यांना अडवतो. एवढंच हाय."

मागं कोणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. महाराजांनी चपला शोधल्या.

गुरम्मा हसली नाही. गर्दी पांगल्यावर तिनं विचारलं, "म्हणजे ते नव्हतेच?"

"नव्हते, काकू."

"मला बोलायचं हुतं रे त्यांच्याशी."

 नंदीश गोळी आणि पाण्याचा तांब्या घेऊन आला. तिनं तोंड फिरवलं. मग त्याच्याकडं न बघता गोळी घेतली. पुढं कितीतरी दिवस ती त्याच्याशी धड बोलली नाही. पण डॉक्टरकडं गेली, आणि भिंत सोडून चालू लागली.

गेलेल्या माणसाची ओढ कुणालाही लागते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. त्या ओढीचा फायदा घेणारा मात्र दारात उभा राहील. त्यानं औषध सोडायला सांगितलं की त्याला आधी दाराबाहेर काढा. आवाज कुठून येतो, ते मग सावकाश शोधता येईल.