गुरू हलला ती संध्याकाळ

हर्षलचा फोन आला तेव्हा मी भांडी घासत होतो.

"नाथाकाका, तुमची फिल्म बघितली. झकास झालीय. पण मध्येच तो कॅलिस्टो एकदम उडी मारतो. एक संध्याकाळ गाळली का?"

"ढग असतील."

"फेब्रुवारीत? आपल्याकडे?"

हर्षल दिंडोरीचा. स्वतःची द्राक्षबाग सांभाळतो आणि आम्हा हौशी लोकांचा ग्रुपही तोच सांभाळतो. कोजागिरीला सगळे त्याच्या मळ्यात जमतात. यंदा शेडच्या भिंतीवर माझी फिल्म दाखवायचं ठरलं होतं. फिल्म म्हणजे गुरू आणि त्याचे चार चंद्र; कॅलिस्टो त्यातला सगळ्यात बाहेरचा. दुर्बिणीला कॅमेरा लावून रोज अंधार पडला की ठरलेल्या वेळेला गच्चीवरून थोडा व्हिडिओ घ्यायचा. कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम त्यातल्या न हललेल्या फ्रेम निवडून एकावर एक बसवतो आणि त्याचा एक स्वच्छ फोटो तयार होतो. असे रोजचे फोटो ओळीने पळवले की चंद्र गुरूभोवती फिरताना दिसतात. मी देवळाली कॅम्पात लष्कराच्या वर्कशॉपला फिटर होतो, राहायला अजून तिथेच आहे. रिटायर झाल्यावर हा नाद लागला.

फोटो झाला की मी व्हिडिओ पुसून टाकतो, जागा फार खातात. एखादा फारच बिघडलेला असेल तर त्याचा फोटोही होत नाही आणि तो पुसायचाही राहून जातो. त्या संध्याकाळचा तसा राहिला होता. त्याच्या नावापुढे मीच 'हलला' असं टाकून ठेवलं होतं.

हात पुसले आणि लावून बघितला. पडद्यावर गुरू, दोन्ही बाजूंना चंद्र. सुरुवातीला सगळं शांत. मग गुरू जोरात हादरला, पाठोपाठ जरा कमी. पुन्हा जोरात, पुन्हा कमी. हर्षलला पाठवून दिला. त्याचा लगेच फोन.

"तोफा असतील काका. तुमच्याकडे सराव चालतो ना."

"असतील," मी म्हणालो.

तोफेचा धक्का मला चांगला माहीत आहे. खिडकीची काच वाजते, चित्र एकदा थरथरतं आणि थांबतं. हा तसा नव्हता. ज्योत्स्नाचा डावा गुडघा दुखायचा. चालताना तिचा उजवा पाय जोरात पडायचा आणि डावा नुसता टेकायचा. ती गच्चीवर आली की स्लॅबवरून ते दुर्बिणीपर्यंत पोचायचं.

ज्योत्स्ना, माझी बायको, या पावसाळ्यात गेली. कावीळ झाली, ती उतरलीच नाही.

"अहो, मला एकदा डोळ्यानं बघायचंय," असं ती सारखी म्हणायची.

"डोळा लावायच्या जागी कॅमेरा बसवलाय."

"मग काढा."

"काढला की सगळं पुन्हा जुळवायला लागतं. फिल्म होऊ दे, मग एकदमच बघ. चारही चंद्र फिरताना दिसतील."

"म्हणजे या घरात आधी कॅमेऱ्याचा नंबर. बरं, आम्ही थांबतो रांगेत."

रेकॉर्डिंग चालू असताना वर यायचं नाही आणि आलीसच तर जागची हलायचं नाही, असं मी तिला सांगून ठेवलं होतं. उन्हाळ्याच्या शेवटी गुरू मावळतीला गेला. फोटो जोडायचं काम मी पावसाळ्यावर टाकलं, तेव्हा आकाश नसतंच. फिल्म मी तिच्यामागे पुरी केली. दुसरं काही करायला नव्हतं.

व्हिडिओ मी बंद केला नव्हता. ते धक्के संपले आणि चित्र शांत झालं. बराच वेळ शांत होतं. म्हणजे ती गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीपाशी येऊन उभी राहिली होती. मी लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसलो असणार. ती आल्याचं मला आठवत नाही. व्हिडिओ बिघडला, एवढंच मला त्या दिवशी दिसलं होतं. आता बघत होतो तर शेवटाकडे गुरू पुन्हा हादरायला लागला. मोठा, लहान, मोठा, लहान, आणि मग हळूहळू नाहीसा. ती जिना उतरून खाली गेली होती. काही बोलली नसावी. बोलली असती तर मी गप्प बस म्हणालो असतो, आणि ते मला आठवलं असतं.

दुसऱ्या दिवशी हर्षलचा पुन्हा फोन.

"काका, मधला भाग एकदम स्थिर आहे हो. तेवढाच घेतला. अख्ख्या फिल्ममधला सगळ्यात चांगला फोटो निघाला. उडी गेली तुमची. तो व्हिडिओ पुसू का माझ्याकडचा?"

"पूस. माझ्याकडे आहे."

कोजागिरीला मी दुर्बीण घेऊन दिंडोरीला गेलो. बागेची छाटणी नुकतीच झाली होती, सगळे वेल उघडे. भिंतीवर फिल्म लागली. कॅलिस्टो न अडखळता एका बाजूनं दुसऱ्या बाजूला गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पुन्हा लावा म्हणाले. तिची संध्याकाळ कोणती ते मला माहीत होतं, पण डोळ्यांनी धरता आली नाही. इतकी पटकन गेली.

मग दूध आलं. मी ओट्यावर दुर्बीण शनीवर लावली होती, लॅपटॉपवर त्याचं कडं दिसत होतं. हर्षलची आई, गोजराबाई, जवळ आल्या.

"नाथाभाऊ, हे टीव्हीवानी नको. मला नळीतून बघायचंय."

"आई, काकांनी सगळं जुळवलंय," हर्षल म्हणाला. "कॅमेरा काढला की बिघडतं ते. स्क्रीनवरच बघ ना."

"तू गप रे. तुला इचारलं का मी?"

मी कॅमेरा काढला. डोळ्याचं भिंग पेटीत होतं, ते बसवलं, जरा पुढेमागे करून शनी आणला. हातातला पेला बाजूला ठेवला होता, सगळं जुळवून झालं तरी त्यातलं दूध गरमच होतं.

गोजराबाई ओट्यावर चढल्या तशी दुर्बीण गदगदली.

"हाललं का माझ्यानं?"

"हलू द्या. उभ्या राहा, थांबेल."

त्यांनी एक डोळा हातानं झाकला आणि दुसरा भिंगाला लावला.

"कडं हाय की खरंच. लय साजरं दिसतंय."

"बाजूला एक ठिपका दिसेल. तो त्याचा चंद्र."

"दिसला, दिसला." डोळा न काढताच त्या म्हणाल्या, "वहिनी होत्या तवा रोजच बघत असतील."

"नाही," मी म्हणालो. "तिचं राहिलं."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मागे रांग लागली होती, म्हणून त्या बाजूला झाल्या. कॅमेरा माझ्या मुठीत होता. केवढासा तर आहे.