रविवारी पाहिलेलं गाव

मित्रांनो, मी एक जुनी बाबागाडी आहे. माझ्या पुढच्या दोन चाकांपैकी एक माझं स्वतःचं नाही आणि माझ्या कापडाचा मूळ रंग कोणता होता, ते आता मलाही आठवत नाही. पण म्हातारपणाची रडगाणी ऐकवायला मी तुम्हाला थांबवलेलं नाही. माणसं मुलाबाळांसाठी गाव कसं निवडतात, हे मी रस्त्यापासून वीतभर उंचीवरून पाहिलं आहे. त्याचा मला बसलेला धक्का अजून ओसरलेला नाही.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. नळ्या वाकवणारे वेगळे, चाकं बसवणारे वेगळे, पट्टे शिवणाऱ्या बायका वेगळ्या. शेवटी एका माणसाने माझ्यात वाळूची पिशवी बसवली, तिला पट्टा बांधला आणि मला खडबडीत फळीवरून दोनशे वेळा पुढेमागे ढकललं. पिशवी जागची हलली नाही म्हणून मी पास झाले. लहान मुलांच्या बाबतीत माणसं किती काळजी घेतात, असं मला तेव्हा वाटलं होतं! काय करणार, मी कोरी होते.

मला घरी आणलं ते काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यातल्या एका तपासनिसाने. घरात सगळे त्यांना बाबा म्हणत, म्हणून मीही बाबाच म्हणते. पेटीतून चार बाटल्या काढायच्या, उजेडासमोर धरायच्या, एकीला जरी तडा दिसला तरी अख्खी पेटी परत पाठवायची, हे त्यांचं काम. नव्या कामगारांना ते एकच गोष्ट शिकवायचे आणि घरी येऊन तीच आम्हालाही ऐकवायचे. "वरच्या थरातला नमुना घेऊ नका रे. वरचा थर सगळ्यांनाच चांगला लावता येतो. खाली हात घाला." फळं घेतानाही ते टोपलीच्या तळाशी हात घालत आणि फळवाल्याची बोलणी खात.

आई दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीत बसायची. माझी पहिली स्वारी म्हणजे त्यांची मुलगी. तिला बोलता यायला लागलं आणि घरात कोणाचीच धडगत उरली नाही. का, कशाला, कोणी सांगितलं, या प्रश्नांनी तिने सगळ्यांना इतकं भंडावलं की तिचं नाव वकीलबाई पडलं. तिच्यामागून आला तो गोलमटोल भाऊ. त्याला उचलणारा प्रत्येक जण "बोचकंच आहे!" म्हणायचा, म्हणून तो बोचकं.

ते माझे सुखाचे दिवस होते. बाजारात बायका माझा दांडा हलवून बघायच्या आणि म्हणायच्या, "काय भक्कम आहे हो गाडी!" मी आतल्या आत फुलून जायची. घर मात्र चौथ्या मजल्यावर, दीड खोलीचं. रात्री मला घडी घालून न्हाणीघराच्या दारामागे उभं करत. वकीलबाई पाच वर्षांची झाली तेव्हा तिला घरात धावायला सात पावलं मिळायची आणि आठव्या पावलाला कपाट. एकदा ती कपाटावर आदळली आणि तिच्या भुवईला टाका पडला. त्याच आठवड्यात आईबाबांनी शहराबाहेर राहायला जायचं ठरवलं.

दोघांनाही सुट्टी फक्त रविवारची. त्यामुळे रविवारी सकाळी बसमध्ये माझी घडी, बाबांच्या खिशात वही आणि आईच्या मांडीवर बोचकं, अशी आमची वरात निघायची. दोन गावं त्यांच्या मनात होती. पहिल्या गावात उतरलो तर काय, रस्ताभर बाजार! भाजीवाले, भांडीवाले, कोंबड्यांच्या पाट्या, कर्णे लावून ओरडणारे. माझ्या चाकात पालेभाजीच्या काड्या अडकल्या. "इथे पोरं झोपायची कशी?" आई म्हणाली. बाबांनी वहीत त्या गावावर काट मारली. आम्ही तिथे वीस मिनिटंही थांबलो नाही.

दुसरं गाव मात्र पाहताक्षणी आवडावं असं होतं. रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना बसकी घरं, भिंती नुकत्याच धुतल्यासारख्या. बाबांनी घड्याळ लावून बघितलं. विकाऊ घराच्या फाटकातून निघून रस्ता ओलांडून शाळेच्या दारापर्यंत चार मिनिटं. पण आईचं मन जिंकलं ते मुलांनी. भर रस्त्यात पंधरावीस मुलं खेळत होती. चेंडू, दोऱ्या, सायकली! "जिथे मुलं बिनघोर रस्त्यात खेळतात, तिथे आपली मुलं वाढू देत," ती म्हणाली.

मला मात्र काहीतरी खुपत होतं. त्या रस्त्यावर दोन लांब खोलगट पट्टे उमटलेले होते. तसे पट्टे सायकलींनी पडत नाहीत. कडेच्या गटारात पांढरी भुकटी साठली होती आणि ती माझ्या चारही चाकांना लागली. आईने रुमालाने ती पुसली आणि विषय संपवला. मला तोंड असतं तर मी तिथेच बोंब मारली असती.

बाबा कच्चे नव्हते हं. एकदा पाहून त्यांनी होकार दिला नाही. पुढच्या रविवारी पुन्हा आणि त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा, असं तीन वेळा त्यांनी ते गाव तपासलं. घर दाखवणारा दलाल म्हणायचा, "बाकीच्या दिवशी मला सवड नसते साहेब, रविवारीच या." तीन नमुने निर्दोष निघाले. बाबांनी घर घेतलं.

आम्ही राहायला गेलो तोही रविवारच होता. संध्याकाळी वकीलबाई रस्त्यात अंधार पडेपर्यंत धावली. सात पावलं नाही, सातशे पावलं! बाबा पायरीवर बसून तिला बघत होते. इतकं समाधान मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं.

आणि मग सोमवार उजाडला.

सकाळी सहाला जमीन हलली. मित्रांनो, मी पुस्तकी भाषेत बोलत नाही, खरोखर हलली. माझे स्क्रू किणकिणले, खिडकीच्या काचा थरथरल्या. आई "भूकंप!" म्हणून ओरडली आणि बोचक्याला छातीशी धरून बाहेर धावली. बाहेर डंपर होते. एकामागे एक, एकामागे एक, खडीने शिगोशीग भरलेले. टेकडीपलीकडे दगडाची खाण होती आणि खाणीला रविवारी सुट्टी होती. ज्या रस्त्यात काल मुलं खेळत होती, त्या रस्त्याच्या कडेलासुद्धा उभं राहवत नव्हतं. आणि शाळा रस्त्यापलीकडे होती.

त्या चार मिनिटांच्या वाटेला त्या दिवशी पस्तीस मिनिटं लागली. डंपरवाल्यांना ठरलेल्या फेऱ्या पुऱ्या करायच्या असतात, ते कोणासाठी थांबत नाहीत. आई रस्त्याकडेला माझा दांडा धरून उभी होती. एक डंपर गेला की ती मला वीतभर पुढे ढकलायची आणि पुढचा आला की मागे ओढायची. शेजारच्या घरात शिवणकाम करणाऱ्या काकू राहायच्या. त्या फाटकातून बघत होत्या.

"रविवारी पाहिलंत ना?" त्यांनी विचारलं.

"हो," आई म्हणाली. "तीनदा."

"आम्ही दोनदा. समोरच्यांनी एकदाच. ही अख्खी आळी रविवारचीच आहे बाई."

मला अंग असतं तर त्यावर काटा आला असता. अख्खी आळी! दर शनिवारी संध्याकाळी आळीतले सगळे बादल्या आणि नळ्या घेऊन भिंतींवरची धूळ धुऊन काढतात, तेही काकूंनी सांगून टाकलं. कोणाला ना कोणाला घर विकून जायचं असतं आणि गिऱ्हाईक रविवारी येतं. त्या दिवशी कोणी तोंड उघडायचं नाही, असं आळीचं ठरलेलं होतं. आणि जाता जाता काकूंनी आणखी एक ठिणगी टाकली. ते पहिलं गाव, ज्यावर बाबांनी काट मारली होती, तिथे बाजार फक्त रविवारी भरतो. बाकीचे सहा दिवस तिथे चिडीचूप.

संध्याकाळी आईने बाबांना हे सगळं सांगितलं. बाबांनी वही काढली. तीन पानं उलटून पाहिली आणि कपाळावर हात मारला. "तिन्ही वरच्याच थरातले," ते म्हणाले. मग रात्री ते जेवले नाहीत.

गुरुवारी जे झालं ते मी थोडक्यात सांगते, कारण मला ते जास्त सांगवत नाही. आम्ही रस्त्याकडेला उभे होतो. धुळीने बोचक्याला खोकल्याची उबळ आली, म्हणून आईने पट्टा सोडून त्याला कडेवर घेतलं. मी जेमतेम वीतभर पुढे सरकले असेन. डंपरचं मागचं चाक माझ्या पुढच्या चाकावरून आणि पाय ठेवायच्या पट्टीवरून गेलं. मी फरपटत गेले आणि गटारात आडवी पडले. माझी बैठक रिकामी होती. आई मटकन जमिनीवर बसली आणि रिकाम्या बैठकीकडे बघत राहिली. वकीलबाईने तिचा पदर घट्ट धरला होता. डंपर थांबला नाही.

त्यानंतर वकीलबाईची शाळा बंद झाली. दारं बंद, खिडक्या बंद. दीड खोलीतून चार खोल्यांत आलेली मुलगी एका खोलीत बसू लागली. बाबांनी मला एका मोडक्या ढकलगाडीचं चाक बसवलं. त्यांना दुसरीकडे जायचं होतं, पण हे घर विकल्याशिवाय दुसरं घेणं शक्य नव्हतं. शनिवारी संध्याकाळी बाबा बादली घेऊन बाहेर आले आणि इतरांबरोबर भिंत धुऊ लागले. मी पाहतच राहिले.

रविवारी सकाळी काकू म्हणाल्या, "ती मोडकी गाडी मागे न्या हो, बघणाऱ्याच्या डोळ्यावर येते." मला घराच्या कडेला कुंपणाशी नेऊन वर पोतं टाकलं. पोत्याला भोक होतं, म्हणून पुढचं सगळं मला दिसलं. असे सात रविवार गेले. आठव्या रविवारी एक जोडपं आलं. काकू आपल्या फाटकाशी उभ्या होत्या. बाईच्या पोटाशी झोळीत तीनचार महिन्यांचं बाळ होतं. रस्त्यात मुलं खेळत होती. बाईने त्यांच्याकडे बघितलं आणि ती हसली. ते हसू मी ओळखलं.

"मुलांच्या दृष्टीने कसं आहे हो इथे?" तिने बाबांना विचारलं. "शांत आहे ना?"

मित्रांनो, हा माणूस केसाएवढ्या तड्यासाठी अख्खी पेटी परत पाठवायचा. मला खात्री होती. मी पोत्याखाली निर्धास्त होते.

"शांत आहे," बाबा म्हणाले.

ते तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. खाली, झोळीत, त्यांनी एकदाही पाहिलं नाही. दारात उभ्या असलेल्या आईने ते ऐकलं आणि ती आत निघून गेली. वकीलबाई पायरीवर बसली होती. तिने बाबांकडे बराच वेळ पाहिलं आणि जन्मात पहिल्यांदा एकही प्रश्न विचारला नाही. डंपर अंगावरून गेला तेव्हा मला इतकं लागलं नव्हतं.

दोन महिन्यांनी सामान निघालं. टेम्पोत माझ्यापुरती जागा उरली नाही. आईने मला ओल्या फडक्याने पुसलं आणि नव्या बाईच्या हातात माझा दांडा दिला. "तुमच्या बाळाला होईल. फक्त पुढचं चाक डावीकडे ओढतं, सांभाळून."

"कशामुळे हो?" नव्या बाईने विचारलं.

आईचे ओठ हलले. "जुनी आहे," ती म्हणाली आणि टेम्पोत जाऊन बसली. माझा दोष तिने प्रामाणिकपणे सांगितला. रस्त्याचा सांगितला नाही. तिच्यावर रागावू की तिची कीव करू, हे मला अजून कळलेलं नाही. ती त्या गटाराशी बसलेली मला आठवते आणि माझा राग अर्ध्यातच थांबतो.

तो दिवस रविवारच होता, हे सांगायला नकोच. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला जमीन हलली आणि साडेसातला नवी आई दूध आणायला मला घेऊन रस्त्याकडेला उभी राहिली. माझ्यात आता पट्टा बांधलेलं एक इवलंसं बाळ होतं. पुन्हा तेच वीतभर पुढे, वीतभर मागे. काकू फाटकातून बघत होत्या.

"रविवारी पाहिलंत ना?"

"पाहिलं," नवी आई म्हणाली. मग ती वळली. "तुम्ही त्या दिवशी इथेच उभ्या होतात. मला सांगितलं का नाहीत?"

इतक्या वर्षांत काकूंना हे कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी फाटकाची कडी उगाच लावून काढली. एक डंपर आमच्या पुढून गेला आणि बाळ दचकून रडायला लागलं.

मित्रांनो, मी लोखंड आणि कापड आहे. मला ओरडता येत नाही, फक्त करकरता येतं. म्हणून हे काम तुमच्याकडे सोपवते. तुमच्या घरचे नवं गाव शोधत असतील तर हट्ट धरा, रडा, पाय आपटा, पण त्यांना तिथे एकदा कामाच्या दिवशी सकाळी घेऊन जा. आणि कधी तुम्हीच फाटकाच्या आत असाल, बाहेरून कोणी "इथे कसं आहे?" असं विचारत असेल, तर उत्तर द्यायच्या आधी एवढंच करा. खाली वाका आणि त्यांच्या गाडीत कोण बसलंय ते बघा.