माझा उजवा पाटा का तुटला

मित्रांनो, मी एक जुनी कॅम्परव्हॅन आहे आणि मी रागावलेली आहे. जुन्या वस्तूंनी हळू आवाजात बोलावं, गेलेले दिवस आठवून उसासे टाकावेत, असा रिवाज आहे. माझ्याच्याने ते होणार नाही.

जन्मले तेव्हा मी साधी प्रवासी गाडी होते. गुरुग्रामच्या काचेच्या इमारतींत माणसं पोचवायची, हे माझं काम. वर्षानुवर्षं लोक माझ्यात बसले, फोनमध्ये डोकं घालून आले आणि दार आपटून गेले. कुणी शाबासकी दिली नाही. पण तेव्हा मला राग नव्हता, कारण माझी चाकं फिरत होती. मग नवी गाडी आली आणि मला कुंपणाकडेला उभं केलं. टायरांची हवा गेली, काचांवर धुळीची पुटं चढली.

तिथून मला सुभेदार कृष्णात यांनी घेतलं. कागलजवळच्या खेड्यातला हा माणूस. उमेदीची सगळी वर्षं फौजेत गेली, आता दिल्लीच्या छावणीतून निवृत्त व्हायला आला. बायको ममताताईंना त्यांनी लग्नात शब्द दिला होता, की तुला देश दाखवीन. दाखवली ती फक्त फौजी क्वार्टरं. म्हणून त्यांनी ठरवलं, गावी परतताना रेल्वेने जायचं नाही. माझ्यातून, थांबत थांबत, रोज सकाळी थोडी सायकल चालवत जायचं. करोल बागेत माझ्या पोटात पलंग बसवला, शेगडी बसवली, टपावर सायकलींसाठी कठडा केला. गाद्या निळ्या घेतल्या. मी मोहरून गेले होते, खोटं कशाला बोलू?

ममताताईंना लहानपणी कुणी सायकल शिकू दिली नव्हती. पन्नाशीला टेकल्यावर त्या छावणीच्या रिकाम्या रस्त्यांवर पडत-झडत शिकल्या. स्वतःसाठी लाल सायकल घेतली. मोठ्या प्रवासाआधी एकदा तयारी बघावी म्हणून शनिवार-रविवार गुरुग्रामच्या पुढच्या दमदमा तलावाकडे जायचं ठरलं. तेव्हा त्यांनी सुभेदारांना साफ सांगितलं, "तिथं मला सायकल चालवायला मिळाली, तर मी गाडीनं गावी येते. नाहीतर मी आपली रेल्वेनं जाते. तुम्ही या सामान घेऊन."

शनिवारी सकाळी दार उघडलं आणि माझ्या पोटात काळ्या ट्रंका शिरू लागल्या. लोखंडी, कडीकुलुपाच्या, पांढऱ्या रंगात नाव आणि हुद्दा लिहिलेल्या. फौजी घरात त्या असतातच. दर बदलीला उचलायच्या आणि पुढच्या गावी नेऊन रचायच्या. एक, दोन करत सगळ्या आल्या. पलंगावर ट्रंका, शेगडीपुढे ट्रंका.

"अहो, ही पोस्टिंग नाही! फिरायला चाललोय आपण," ममताताई म्हणाल्या.

"रिहर्सल म्हणजे फुल लोड. बिल्कुल तसंच करायचं, मग ऐन वेळी गडबड होत नाही," सुभेदार म्हणाले.

बरं, गाद्यांवरचं दुकानातलं प्लास्टिक तसंच. लाल सायकल जुन्या चादरीत गुंडाळून, दोरीच्या गाठींवर गाठी मारून टपावर बांधलेली. का, तर ओरखडे पडतील. अरे, पण सायकल म्हणजे काय देव्हाऱ्यातला देव आहे? देवालासुद्धा लोक रोज बाहेर काढून आंघोळ घालतात!

तलावाशी पोचलो. समोर सपाट, मोकळा रस्ता. ममताताईंनी दोरीला हात घातला, तर सुभेदार म्हणाले, "इथं खडी आहे गं. नवी आहे सायकल. प्रवासात चालव ना." रविवारीही तेच. शनिवारी रात्री हे दोघं आणि सोबत आलेली त्यांची मुलगी सुनयना, दिल्लीतच कॉलेजात शिकणारी, तिघंही ट्रंकांच्या फटींत पाय मुडपून झोपले होते. मला वाटलं, संपलं आता, ही बाई रेल्वेनं जाणार आणि मी ट्रंका वाहणार. संतापानं माझं इंजिन तापलं.

परतताना वाटेतल्या सोहना गावाच्या चढणीवर एक खड्डा आला. तो मला चुकवता आला असता की नाही, ते विचारू नका. मागच्या चाकावरचा, सगळा भार तोलणारा माझा उजवा लोखंडी पाटा कडकन तुटला आणि मी रस्त्याकडेला बसले.

मिस्त्री आला, वाकून बघितलं. "पूरी खाली करो, तभी जॅक लगेगा." मग सगळ्या ट्रंका रस्त्यावर. सुनयनानं एकीचं झाकण उघडलं. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेला डिनर सेट.

"आई, ये कब का है यार? मी कधी बघितलाच नाही!"

"माझ्या आईनं दिलेला. रिटायर झाल्यावर वापरू म्हणाले तुझे पप्पा."

त्या बोलल्या आणि ताडकन उठल्या. शेगडीजवळची सुरी घेतली, माझ्या शिडीवर चढल्या आणि दोरीला सुरी लावली.

"अगं, दोरी कापू नकोस! चांगली आहे ती!" सुभेदार ओरडले.

ममताताईंनी दोरी कापली. सायकल उतरवली, चादर फेकली आणि उतारावरून निघून गेल्या. सुभेदार हातात दोरीचे तुकडे घेऊन उभे राहिले.

बऱ्याच वेळाने त्या सायकल ढकलत चढ चढून आल्या. कोपर सोललेलं, लाल रंगावर लांब ओरखडा, आणि चेहरा असा फुललेला, की तसा मी कधी पाहिला नव्हता. "पडले," त्या म्हणाल्या. "ओरखडा आला. झालं? आता ऐका, मी रेल्वेनं..."

"ट्रंका रेल्वेनं जातील," सुभेदार मान खाली घालून म्हणाले. "तू नाही."

तर मित्रांनो, ट्रंका पार्सलने गेल्या. डिनर सेट माझ्या कपाटात आला, त्यातला एक कप फुटलाही, आणि कुणी मेलं नाही. उद्या आम्ही निघतोय. वस्तू जपा, तेलपाणी करा, पाटा झिजला तर वेळेवर नवा बसवा. पण जपायचं ते वापरण्यासाठी. गुंडाळून ठेवलेली वस्तू आणि कुंपणाकडेला गंजणारी वस्तू, यांत मला काडीचा फरक दिसत नाही. मी दोन्ही भोगलंय.

आणि सुभेदार, निळ्या गाद्यांवरचं प्लास्टिक अजून तसंच आहे. मला दिसतं. माझा डावा पाटा अजून जुनाच आहे, हे लक्षात ठेवा.