एकदा जळलोय, आता पुरे!

मी एक जुना कोळसा आहे, मित्रांनो, आणि तोही कॉम्प्युटरवरच्या खेळातला. हसू नका! ठोकळे रचून घरं बांधायच्या त्या खेळातही माझा जन्म भट्टीतच झाला. तो खेळणाऱ्या ताईनं ओंडका तोडला, भट्टीत टाकला आणि मी बाहेर आलो. लगेच तिनं माझं भविष्य ठरवलं, "हे जळण. नाहीतर मशाली करू." मला कुणी विचारलं? एकदा जळून झालं होतं ना माझं!

माझी बाजू घेतली ती तिच्या धाकट्या बहिणीनं. घरात तिला सगळे चिमणी म्हणतात. या खेळात कोळशानं भिंतीवर रेघ ओढता येते, हे तिनंच शोधून काढलं. "कोळसा उगाळावा तितका काळाच," म्हणून ताईनं तिला चिडवलं. अहो, काळाच तर हवा! पांढऱ्या रेघेनं भुवया काढायच्या का?

त्यांची आई परगावी नर्स आहे. रविवारी जेवणाच्या सुट्टीत ती मोबाइलवरून खेळात येणार होती आणि चिमणीनं तिला तिचंच चित्र दाखवायचं कबूल केलं होतं. आठवडाभर चित्र चाललं होतं. माझे भाऊबंद त्यात झिजून संपले. पण चित्र होतं वाळूच्या भिंतीवर. या खेळात खालचा आधार काढला की वाळू कोसळते. रविवारी सकाळी ताई नेमकं तेच विसरली. दार करायला तिनं खालचा दगड काढला आणि आईचा चेहरा धसकन खाली आला.

"मुद्दाम केलंस तू!" चिमणी रडायलाच लागली.

"नाही गं, शपथ!" ताईचं तोंड एवढंसं झालं.

पेटीत मी एकटाच उरलो होतो. ताईनं मला उचललं. वाटलं, चाललो भट्टीत! पण तिनं मला चिमणीच्या हातात दिलं. "मी दगडाची भिंत रचते. तू काढ."

मग काय, जीव तोडून झिजलो. दुसरी भुवई झाली, तेव्हा माझा इवलासा तुकडा उरला होता. खेळात नेमकी रात्र झाली आणि तेवढ्यात आई आली.

"अगं, इथे काहीच दिसत नाही!"

"उरलेल्याची मशाल करू?" ताईनं विचारलं.

वा रे वा! माझ्याच रेघा बघायला मलाच जाळणार?

"नको," चिमणी म्हणाली. "आईचा तीळ काढायचा राहिलाय. आई, उजाडेपर्यंत थांब ना."

आईची सुट्टी संपत आली होती. "बरं, थांबते. तोवर बोल माझ्याशी."

तिघी अंधारात बोलत बसल्या. मग उजाडलं.

"एवढं मोठं नाक?" आई हसली. "माझंच आहे गं!"

चिमणीनं मला चित्रातल्या आईच्या हनुवटीवर टेकवलं. मी संपलो, पण तीळ होऊन बसलो.

मित्रांनो, कुणाला 'हा जळायच्याच लायकीचा' म्हणण्याआधी त्याला एक रेघ ओढू द्या. आणि मला अजूनही जाळायचं असेल, तर आधी त्या आईच्या चेहऱ्यावरून उतरवून दाखवा!