चाळीसवर अडकलेली सुई

करंदीकरबाईंच्या स्कूटरची सुई गेली कित्येक वर्षं चाळीसवर होती. गाडी सिग्नलला उभी असली तरी चाळीस, पार्किंगमध्ये स्टँडवर असली तरी चाळीस. मागच्या दिवाळीत गॅरेजवाल्याने इंजिन खोलून वर्तमानपत्रावर मांडून ठेवलं होतं, तेव्हाही उरलेली गाडी चाळीसनेच जात होती. बाईंना यात काही वावगं वाटत नसे.

"मी चाळीसनेच चालवते," त्या म्हणत, "मग सुईने उगाच इकडेतिकडे कशाला फिरायचं?"

मंदाकिनी करंदीकर बिबवेवाडीतल्या एका शाळेतून गणिताच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या. घरी बसणं त्यांना जमलं नाही आणि घरच्यांनाही झेपलं नाही. त्यामुळे आता त्या आठवड्यातून तीनदा येरवड्याच्या तुरुंगात कैद्यांना गणित शिकवायला जात. "येरवड्याला जाऊन येते," असं त्या लिफ्टमध्ये इतक्या सहज म्हणत, की नवे भाडेकरू पुढच्याच मजल्यावर उतरून जिना धरत. वर्गाला त्यांना कधी उशीर झाला नव्हता. "माझे विद्यार्थी कुठे जाणार नाहीत, हे मलाही माहीत आहे," त्या सांगत. "म्हणून काय त्यांना ताटकळत ठेवायचं?"

त्या रविवारी पोहे खाताना त्यांच्या मुलाने, आमोदने, घसा खाकरला. आमोद एका सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर होता, त्यामुळे घरातलं बोलणंही तो अजेंडा असल्यासारखं सुरू करी.

"आई, गाडीची किल्ली माझ्याकडे आहे."

"ती मी खुंटीला अडकवली होती."

"तिथूनच घेतली."

त्याने मोबाईल पुढे केला. सोसायटीच्या ग्रुपवर चेअरमन हिंदुराव मोहित्यांनी लिहिलं होतं, की काल मुख्य रस्त्यावर ते आपल्या बुलेटवरून बरोबर पन्नासच्या वेगाने जात असताना एका ज्येष्ठ महिलेने स्कूटरवरून त्यांना ओव्हरटेक केलं. आपण कुणाचं नाव घेत नाही, पण त्या बी विंगमध्ये राहतात आणि गणित शिकवायच्या.

"मी चाळीसनेच होते," बाई म्हणाल्या.

"पन्नासच्या गाडीला चाळीसची गाडी मागे टाकत नाही, आई. हे मला तूच शिकवलंयस."

"तुला शिकवलंय खरं. हिंदुरावांना कुठे शिकवलंय?"

आमोदचं म्हणणं असं, की या वयात आईने ही गाडी चालवू नये. टॅक्सीने जावं. पण टॅक्सीत मागच्या सीटवर बसलं की बाईंना मळमळे, आणि पुढच्या सीटवर बसलं की ड्रायव्हरला. म्हणजे गाडी गेली की वर्ग गेला, हे दोघांनाही माहीत होतं.

शेवटी चहाच्या दुसऱ्या कपावर तह झाला. गाडी मुळात किती पळते ते तपासायचं. खरा टॉप स्पीड पन्नास किंवा त्याच्या वर निघाला, तर गाडी विकायची. खाली निघाला, तर किल्ली परत आणि हा विषय कायमचा बंद.

"विकायचीच तयारी ठेव," आमोद म्हणाला.

"पोहे आणखी घे," बाई म्हणाल्या. "हरायचं ते पोटभर खाऊन हरावं."

तपासायला शेजारच्या विंगमधल्या प्रज्ञेश वाघमारेला बोलावलं. प्रज्ञेश एका कंपनीत गाड्यांची चाचणी घेई. नव्या गाड्या मुद्दाम खराब रस्त्यावर पळवून काय काय निखळतं ते बघायचं, हे त्याचं काम. पुण्यात असून यासाठी वेगळा ट्रॅक बांधावा लागला, याचं त्याच्या आईला अजून आश्चर्य वाटे.

"बाई, मीटर कधीच खरं बोलत नाही," तो उभ्यानेच म्हणाला. शाळेत बाई त्याला होत्या, त्यामुळे त्यांच्यासमोर तो अजून बसत नसे. "चालू असला तरी जरा जास्तच दाखवतो. आणि कंपनी सांगते तो आकडा बारीक माणूस, चाकात पूर्ण हवा आणि पाठीवर वारा असला की येतो. खरा आकडा काढायचा तर मोबाईलचा जीपीएस लावायचा, एकाच रस्त्याने जायचं, त्याच रस्त्याने यायचं, आणि दोन्हींची सरासरी घ्यायची."

"बरोबर," बाई म्हणाल्या. प्रज्ञेशच्या चेहऱ्यावर सहामाही पास झाल्याचा आनंद दिसला.

"गाडी मी चालवतो," तो म्हणाला.

"तुला दहावीला गणितात किती होते?" आमोदने विचारलं.

"त्र्याण्णव."

"मग तू नको. तू उपकाराखाली आहेस."

आईने चालवली तर ती मुद्दाम हळू चालवणार, म्हणून तीही नको. ठरलं असं, की आमोद स्वतः चालवणार. आमोदचं वजन ब्याण्णव किलो होतं आणि एवढं ओझं गाडीवर घालून तो आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतोय, हे प्रज्ञेशच्या ओठांवर आलं होतं. पण बाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्याने ते गिळलं.

पुण्यात मोकळा रस्ता हवा असेल तर कुठेच न जाणारा शोधावा लागतो. असा एक हडपसरच्या पुढे होता. चांगला रुंद, काळाकुळकुळीत, हलकासा चढ. वर जाऊन तो एकदम संपे आणि तिथून ऊस सुरू होई. बाई आमोदच्या मागे बसून आल्या, प्रज्ञेश आपल्या बाईकवर, आणि साक्षीदार म्हणून हिंदुराव बुलेटवर. ते सगळ्यात शेवटी पोचले. ट्रॅफिक होतं म्हणाले.

रस्त्याच्या मधोमध एक म्हैस बसली होती. तिच्याशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत तिचा मालक कचरू बसला होता.

"म्हैस जरा बाजूला घेता का?" आमोदने विचारलं.

"कशापायी?"

"स्पीड चेक करायचाय."

"म्हशीचा?"

"गाडीचा."

कचरू उठला, स्कूटरपाशी आला आणि मीटरमध्ये वाकून बघितलं. "चाळीस हाय की," तो म्हणाला.

बाईंना हा माणूस आवडला.

"हा रस्ता तुमचा आहे का?" हिंदुरावांनी चेअरमनच्या आवाजात विचारलं.

"जमीन आमची हाय. रस्ता कुनाचा त्ये कोर्टात हाय. म्हस माझी हाय." एवढं स्पष्ट करून कचरूने म्हैस उठवली आणि खुर्ची कडेला नेऊन पुन्हा बसला. आता त्याला करमणूक होती.

प्रज्ञेशने एक किलोमीटर मोजून दोन्ही टोकांना खडूने रेघ मारली आणि स्कूटरला मोबाईल बांधला. आमोदने हेल्मेटचा पट्टा आवळला, दुरून वेग घेतला आणि वारा लागू नये म्हणून हँडलवर छाती टेकून तो चक्क आडवा झाला. स्वतःची आई बेफाम गाडी चालवते हे सिद्ध करण्यासाठी एक कंपनी मॅनेजर गादीसारखा स्कूटरवर पसरून चढ चढत होता. आपण कोणासाठी काय काय करतो, असा एक विचार बाईंच्या मनात येऊन गेला.

चढावर गाडी चाळीसच्या पुढे हलेना. येताना उतार होता. गाडी सुसाट आली. तिच्या डिकीत काहीतरी खडाखडा वाजत होतं, आणि आमोदचे दात दिसत होते.

"जाताना चाळीस, येताना साठ," प्रज्ञेशने मोबाईल बघून सांगितलं. "दोन्ही वेळा अख्खा किलोमीटर तेवढाच वेग."

"पन्नास," आमोद म्हणाला, आणि खिशातली किल्ली त्याने वरूनच थोपटली.

"अठ्ठेचाळीस," बाई म्हणाल्या.

"आई, चाळीस आणि साठची सरासरी पन्नास."

"एक किलोमीटर चाळीसने गेलास. किती वेळ लागला?"

आमोद चाळिशीला आला होता, पण या आवाजात विचारलेल्या प्रश्नाला उत्तर न देणं त्याला जमत नसे. "दीड मिनिट."

"साठने आलास?"

"एक मिनिट."

"दोन किलोमीटरला अडीच मिनिटं. म्हणजे तासाला किती?"

हिंदुराव बोटं मोजत होते.

"अठ्ठेचाळीस," प्रज्ञेश हळूच म्हणाला. मग त्याने नाइलाजाने पुढचं वाक्य म्हटलं. "पण बाई, टॉप स्पीड काढताना आमच्याकडे दोन आकड्यांची साधी सरासरीच घेतात."

"कोण घेतं?"

"सगळेच."

"वर्गातसुद्धा सगळेच पन्नास म्हणतात."

"तरी नियम तसा आहे, बाई."

प्रज्ञेश खोटं बोलणाऱ्यातला नव्हता, हे बाईंना माहीत होतं. त्यांनीच त्याला तसं केलं होतं आणि आता ते त्यांना महागात पडत होतं. शुक्रवारी फळ्यावर एक उदाहरण अर्धवट सोडून आल्या होत्या. उद्या पूर्ण करू म्हणाल्या नव्हत्या, सोमवारी करू म्हणाल्या होत्या.

मग त्यांनी पदर खोचला.

"बरं, गाडी पन्नासची. मान्य. पण तक्रार गाडीची नव्हती, माझी होती. गाडी एकटी येरवड्याला जात नाही. मी किती वेगाने चालवते, ते बघा ना."

"तू आता हळूच चालवणार," आमोद म्हणाला.

"मी नेहमीसारखी चालवणार. हिंदुराव, तुम्हीही नेहमीसारखी चालवा. काल होतात तसे बरोबर पन्नासने. मी तुम्हाला मागे टाकलं नाही, तर तुम्हाला काल भास झाला होता म्हणायचं."

"आणि टाकलंस तर?"

"तर काय ते तुम्ही ठरवा."

"टाकलंस तर तू पन्नासच्या वर होतीस, आणि गाडी आजच विकायची."

"मोबाईल दोन्ही गाड्यांना बांध, प्रज्ञेश," बाई म्हणाल्या. आमोदने काढून दिलेली किल्ली त्यांनी लावली. दोन्ही गाड्या उसापाशी गेल्या आणि तोंडं वळवून उभ्या राहिल्या.

हिंदुराव निघाले. बुलेटचा आवाज असा, की उसातले बगळे उठले. छाती पुढे, नजर मीटरवर, सुई पन्नासवर. बाई जरा मागून निघाल्या. आधी त्या लहान दिसत होत्या, मग हळूहळू मोठ्या होत गेल्या. अर्ध्या वाटेवर त्यांनी उजवा इंडिकेटर लावून रीतसर इशारा केला आणि हिंदुरावांच्या शेजारी आल्या. इतक्या निवांत आल्या, की त्यांना बोलायला सवड मिळाली.

"अहो हिंदुराव, चेन सैल वाटतेय," त्या म्हणाल्या, आणि पुढे गेल्या.

रेघ ओलांडून बाई थांबल्या. काही वेळाने बुलेटही आली.

"झालं," आमोद म्हणाला. त्याला जिंकल्याचा म्हणावा तसा आनंद होत नव्हता. "आई, दे किल्ली."

"मी चाळीसने होते."

"आई, मी डोळ्यांनी बघितलं."

"तू आकार बघितलास. वेग मोबाईलने बघितला. प्रज्ञेश, वाच."

प्रज्ञेश स्कूटरवरच्या मोबाईलकडे बराच वेळ बघत राहिला. पडद्यावर एक रेघ होती, पट्टीने आखल्यासारखी.

"चाळीस," तो म्हणाला. "सुरुवातीपासून शेवटपर्यंत चाळीस. आमच्या ट्रॅकवर मशीन बसवूनसुद्धा एवढी सरळ येत नाही. बाई, मीटर बंद असताना तुम्हाला कळतं कसं?"

बाईंनी डिकी उघडली. आत स्टीलचा जेवणाचा डबा होता. "चाळीसच्या वर गेलं की हा वाजायला लागतो. मी तो वाजू देत नाही."

मघाशी उतारावर ती खडखड कसली होती, ते आमोदच्या आता लक्षात आलं.

"मग माझी बुलेट?" हिंदुराव म्हणाले. प्रज्ञेशने दुसरा मोबाईल बघितला, पुन्हा बघितला आणि खाली वाकून बुलेटचं पुढचं चाक बघितलं.

"काका, हे चाक बदललंय का?"

"गेल्या वर्षी. जरा लहान आहे, पण दिसतं भारी."

"मीटरची केबल याच चाकातून येते. चाक लहान म्हणून ते जास्त गरागरा फिरतं, आणि मीटरला वाटतं गाडी पळतेय. तुम्ही छत्तीसने आलात."

हिंदुराव बुलेटला टेकले. "म्हणजे मेमध्ये आम्ही महाबळेश्वरला ऐंशीने गेलो होतो, ते?"

"अठ्ठावन्न. फार तर."

"बायको सारखी 'हळू, हळू' म्हणत होती," हिंदुराव म्हणाले. सायकलवाला एक पोरगा आपल्याला रोज मागे टाकतो, हेही त्यांना त्याच क्षणी आठवलं असावं, पण ते त्यांनी जाहीर केलं नाही.

"म्हस आनू का परत?" कचरूने विचारलं. "का ह्या सायबांची अन् तिची लावायची हाय?"

घरी परतताना आमोद पुन्हा पुढे बसला. बिबवेवाडी येईपर्यंत डिकीत काही वाजलं नाही. पार्किंगमध्ये त्याने किल्ली काढली, आईच्या हातावर ठेवली आणि म्हणाला, "अठ्ठेचाळीसच बरोबर होतं."

"मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "तुझं तोंडपाठ करून घ्यायला हवं होतं."

संध्याकाळी ग्रुपवर हिंदुरावांचा खुलासा आला, की काही तांत्रिक कारणाने पन्नासचा आकडा चुकीचा होता आणि सभासदांनी आपापली चाकं तपासून घ्यावीत.

सोमवारी बाई वेळेवर येरवड्याला पोचल्या. आमोदला मात्र राहवलं नाही. त्याने त्याच आठवड्यात गाडीला नवा कोरा मीटर बसवून आणला. हलणाऱ्या सुईचा. बाई गाडी घेऊन बुधवारी वर्गावर गेल्या आणि आल्या त्या कपाळाला आठी घालूनच.

"हा मीटर खोटारडा आहे."

"काय झालं?"

"चव्वेचाळीस दाखवतो. डबा वाजत नसताना."

आमोदने मोबाईल बांधून खाली एक फेरी मारली. गाडी चाळीसने जात होती आणि सुई चव्वेचाळीसवर होती. तो वर आला तेव्हा बाईंनी पर्समधून एक टिकली काढून ठेवलेली होती. "सुई हिच्याखाली आली की चाळीस," त्या म्हणाल्या. ती त्याने मुकाट्याने खाली नेऊन मीटरच्या काचेवर, चव्वेचाळीसच्या घरावर, नीट चिकटवली. मग डिकी उघडली, डबा वर आणून घासला, पुसून कोरडा केला, आणि वाजण्यापुरतं झाकण सैल ठेवून परत जागेवर ठेवला.