साखरा नांदूरघाटकर

बहात्तरच्या दुष्काळात नांदूरघाटचे जालिंदर आणि चतुराबाई ऊसतोडीला कर्नाटकात गेले, ते तिकडचेच झाले. तिथल्या सहकारी साखर कारखान्यानं जालिंदरला कायम केलं. पुढच्या वर्षी कारखान्याच्या चाळीत लेक झाली. तिचं नाव ठेवलं साखरा.

साखरा कानडी शाळेत शिकली. मराठी तिच्या वाट्याला आली ती आईच्या भीमगीतांतून. चतुराबाई भाकरी थापताना गायची, पोर तिच्यामागं ओळ ओढायची. एकदा बॉयलर पेटवण्याच्या समारंभात ती गायली आणि बेळगावच्या ऑर्केस्ट्रावाल्यानं तिला उचललीच. पुढं तिची कानडी कॅसेट निघाली अन् हुबळीपर्यंत लग्नाच्या मांडवांत वाजायला लागली.

कॅसेटवाल्यानं नावावरून घोळ घातला होता. "नांदूरघाट कोणाला ठाऊक? बेळगावकर लावू."

"मग गाणंबी बेळगावच्याच कोणाकडून घ्या," साखरा म्हणाली. जन्मात दोनदा पाहिलेलं गाव तिनं नावापुढं लावून घेतलं.

दोन हजार तीनच्या एप्रिलात त्याच गावातून जयंतीचं बोलावणं आलं. चुलता उत्तरेश्वर स्वतः न्यायला आला. "विहिरी आटल्यात बाई, पण मांडव मोठा घातलाय," तो म्हणाला. साखराबरोबर जालिंदरही निघाला.

सोसायटीच्या गोदामापुढं गर्दी मावत नव्हती. साखरानं माइक धरला. "जयभीम. माझा आई याच गावात लहानाचा मोठा झाला..."

पोरं फिदीफिदी हसली. मागून एकजण ओरडला, "ही कानडी कशाला आणली रं?"

आत्या सरूबाई ताडकन उठली. "आमच्या जालिंदरची लेक हाय ती! कोण बोललं, पुढं ये!"

साखराच्या कानशिलाला घाम सुटला होता, पण ती मागं सरली नाही. "आत्या, बसा तुमी. भावांनो, बोलणं चुकलं तर हसा. सूर चुकला तर उठून जा."

आणि तिनं आवाज लावला. दुसऱ्या कडव्यात मांडव चिडीचूप झाला. तिसऱ्याला मात्र बायका भराभर उठायला लागल्या. साखरा गाता गाता त्यांच्याकडं बघत राहिली. एवढं काय चुकलं? तेवढ्यात तिला हॉर्न ऐकू आला. पाण्याचा टँकर आला होता, आणि तो कोणासाठी थांबत नसतो.

तिनं गाणं थांबवलं. "पाणी भरून या मायांनो. मी हाय हितंच."

बायका गेल्या. उत्तरेश्वर हळहळला, "आता कशाच्या येतात!"

पण त्या आल्या. भरलेले हंडे घेऊन, ओल्या पदरांनी येऊन बसल्या. टँकरचा ड्रायव्हरही गाडी कडेला लावून मांडवाच्या खांबाला टेकला. साखरानं तेच गाणं पहिल्यापासून घेतलं. भीमरायाच्या नावाला सगळा मांडव तिच्याबरोबर गायला.

गाणं संपलं तरी कोणी हलेना. सरूबाई म्हणाली, "आता एक कानडी व्हऊ दे. तिकडचे लोक कशाला एवढे येडे झालेत, ते तर कळू दे."

साखरा हसली आणि तिनं कॅसेटमधलं गाणं धरलं. शब्द कोणाला कळत नव्हते, पण टाळ्यांचा ठेका चुकत नव्हता. पहिल्या रांगेत जालिंदर छाती काढून बसला होता आणि शेजाऱ्याला मोठ्यानं अर्थ सांगत होता. निम्मा अर्थ त्यानं पदरचाच घातला होता. साखराला ते वरून ऐकू येत होतं. तिनं त्याला चुकू दिलं आणि आवाज आणखी चढवला.